सगळ्यांच्या जास्वंदीला एकच कीड

मला केटी लागलेली आहे आणि ती मी मागून घेतलेली आहे. आमच्या नातेवाइकांना यातलं दुसरं अर्धं वाक्य कधीच पटत नाही, म्हणून आधीच लिहून टाकते. सेमिस्टर तीन, वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल; ते राहिलं आणि पुन्हा द्यावं लागलं, म्हणून केटी. थिअरीत मी व्यवस्थित पास होते. प्रॅक्टिकलला मला बसू दिलं नाही, कारण माझ्या जर्नलवर सही नव्हती. आणि सही नव्हती, कारण त्या जर्नलमध्ये मी मला जे दिसलं ते काढलं होतं.

जर्नल म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. डावीकडचं पान कोरं, आकृतीसाठी. उजवीकडचं रेघांचं, लिहिण्यासाठी. प्रत्येक प्रॅक्टिकलला समोर ठेवलेली फांदी किंवा सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड बघायची, पेन्सिलीने काढायची, पट्टीने रेघा मारून भागांना नावं द्यायची. पहिल्याच पानावर प्रमाणपत्र छापलेलं असतं. त्यावर प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमची सही असेल तरच परीक्षेला बसता येतं. हे झालं नियमाचं. आमच्या कल्याणच्या कॉलेजात आम्ही एकशे वीस जण होतो आणि सूक्ष्मदर्शक चार, त्यातल्या एकाचा आरसा फुटलेला. आपला नंबर लागेपर्यंत तास संपायचा. मग कुठल्यातरी सीनियरची जुनी जर्नल मिळवायची, घरच्या टीपॉयच्या काचेवर ठेवायची, काचेखाली मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि वर आपलं कोरं पान धरून आकृती गिरवून काढायची. मागच्या पानावरचा मजकूरही उलटा दिसतो, तो नजरेने वगळायची सवय करावी लागते. एका संध्याकाळी चार प्रॅक्टिकलं उरकतात. पहिलं वर्ष मीही असंच काढलं आणि माझ्या जर्नलला दहापैकी नऊ मार्क मिळाले. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका संध्याकाळी मी आमच्या ठाकुर्लीच्या घरी जास्वंदीची फांदी गिरवत होते. जर्नल माझ्या मैत्रिणीकडून आलेली, तिला तिच्या बिल्डिंगमधल्या ताईने दिलेली. आई समोर बसून भिजवलेले वाल सोलत होती. सोलता सोलता तिने मान वाकडी करून माझ्या पानाकडे बघितलं.

"हे पान कुणी खाल्लंय?"

"कुठलं?"

"ते तिसरं. उजवीकडून कुरतडलंय बघ."

बघितलं तर खरंच. पानाच्या दातेरी कडेचा मध्येच एक अर्धगोल तुकडा गायब होता. मी तो इमानेइतबारे गिरवला होता. इतकंच नाही, तर तिथे पट्टीने रेघ मारून इंग्रजीत 'नॉच' असं लिहिलंही होतं, म्हणजे खाच. जुन्या जर्नलमध्ये तसं होतं.

"त्याला खाच असतेच," मी म्हटलं. "सगळ्यांच्या जर्नलमध्ये आहे."

"अगं, गावी आपल्या दारात जास्वंदच होती. खाचबिच काही नसते. किडीने खाल्लेलं आहे ते." तिने वालाचं साल ताटलीत टाकलं. "आणि सगळ्यांच्या जास्वंदीला काय एकच कीड लागली होय?"

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी अकरा जणांच्या जर्नल उघडून बघितल्या. अकराही जास्वंदींचं तिसरं पान उजवीकडून खाल्लेलं. एकीने तर खाचेला छान शेडिंग केलं होतं. आमच्या वरच्या बॅचमधल्या एका मुलाने तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगितलं होतं की, पानाला खाच असणं हे या कुळाचं लक्षण आहे. परीक्षक म्हणे "अच्छा?" म्हणाले आणि त्याला पास केलं. आम्ही हसून हसून बेजार झालो. चहा थंड झाला. मग हसू ओसरलं आणि मला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. जास्वंद काही हिमालयात उगवत नाही. कल्याण-डोंबिवलीत दर तिसऱ्या सोसायटीच्या गेटजवळ जास्वंद आहे. आम्ही रोज तिच्यासमोरून जात होतो, आणि तिचं पान कसं असतं ते मला वाल सोलणाऱ्या आईने सांगावं लागलं.

त्या संध्याकाळी मी आमच्या सोसायटीतल्या जास्वंदीपाशी गेले. त्या झाडाचे स्वघोषित मालक म्हणजे तळमजल्यावरचे आजोबा. सकाळी साडेपाचला सगळ्या कळ्या तोडून नेतात, दुसऱ्या कुणाच्या देवाला एक मिळू देत नाहीत.

"फुलाला हात लावायचा नाही," ते खिडकीतूनच म्हणाले.

"फूल नको आजोबा, एक फांदी द्या. पानांची."

"पानांचं काय करणारेस?"

"बघणार आहे."

त्यांना यात काहीतरी डाव वाटला असावा. खाली येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यात किरकोळ फांदी मोडून दिली.

ती फांदी काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी काढलेली आकृती पालेभाजीच्या जुडीसारखी दिसत होती. माझा हात आपोआप ते गिरवलेलं, पाठ झालेलं पान काढायला धावायचा आणि समोरचं पान तसं नसायचं. एक पान आपली पाठ दाखवत होतं. एक मुडपलेलं. दोन पानांच्या मधली जागा नीट काढल्याशिवाय पानं जागेवर बसतच नव्हती, हे तिसऱ्या दिवशी कळलं, आणि कळलं तेव्हा मी हॉलमध्ये एकटीच ओरडले. चौथ्या दिवशी फांदी सुकली होती, तर मी सुकलेली काढली. चांगली आली नव्हती. पण ती पृथ्वीवर एकच होती आणि मी काढलेली होती. मला तोवर शिक्षणातल्या कशाचाच इतका आनंद झाला नव्हता.

मग मी सुटलेच. जर्नल नवी घेतली आणि पहिल्या प्रॅक्टिकलपासून सगळं पुन्हा काढायला घेतलं. लॅबमधले मामा, म्हणजे स्लाइडी देणारे-घेणारे आमचे लॅब अटेंडंट, शनिवारी दुपारी कपाटांची साफसफाई करायचे. मी त्यांच्यासाठी वडापाव नेऊन लॅबमध्ये बसायची परवानगी मिळवली. सूर्यफुलाच्या खोडाची स्लाइड माझ्यापेक्षा वयाने मोठी असावी. रंग उडालेला, एका बाजूने फाटलेली, मध्ये हवेचा बुडबुडा. मी फाटकी काढली, बुडबुड्यासकट. मामा डोकावून म्हणाले, "पुस्तकात असं नसतंय हां." मी म्हटलं, "मामा, पुस्तक या डब्यात नाहीये." ते हसले आणि त्यांनी पुढची स्लाइड फडक्याने पुसून दिली.

त्या तीन महिन्यांत कॉलेजला जाण्या-येण्याचा रस्ता बदलल्यासारखा झाला. शेअर रिक्षात चौथ्या सीटवर अर्धी लोंबकळतानाही मी रस्त्याकडेला काय उगवलंय ते बघायचे. स्कायवॉकच्या खांबाच्या फटीत पिंपळ होता, त्याची पानं बाहेरून येणाऱ्या उजेडाच्या बाजूला वळलेली. घाऊक भाजी बाजाराच्या मागे फेकलेल्या बियांतून भोपळ्याचा वेल निघून एका बंद टेम्पोवर चढलेला. हे सगळं आधीही तिथेच होतं. मी मैत्रिणीला दाखवायचे तर ती म्हणायची, "तू ना, कामातून गेलीस." पण थांबून बघायची.

ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या नऊ दिवस आधी मी जर्नल मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम चाळिशीच्या, डोंबिवलीच्या, कायम इस्त्रीच्या सुती साडीत. त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, आणि आवाज कधी चढत नसे. त्यांनी चार पानं उलटली.

"हे काय आहे?"

"सूर्यफुलाचं खोड, मॅडम."

"हा बुडबुडा कशाला काढलास? आणि ही फाटलेली बाजू?"

"स्लाइड तशीच आहे."

"स्लाइड तशी असली तरी खोड तसं नसतं." त्यांनी जास्वंद उघडली. "ही सुकलेली आहे. आकृती स्वच्छ, प्रमाणबद्ध, पुस्तकासारखी हवी. बाहेरचे परीक्षक येऊन काय म्हणतील? पुन्हा काढून आण, मग सही करते."

"सगळी अठरा प्रॅक्टिकलं?"

"नऊ दिवस आहेत. बाकीच्यांनी कशी काढली असं तुला वाटतं?"

कशी काढली ते मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. मैत्रिणीने लगेच स्वतःची जर्नल पुढे केली. "येडी आहेस का? चार-पाच संध्याकाळींचं काम आहे. टॉर्च माझा घे हवं तर." मी तिची जर्नल घरी नेली, टीपॉयवर ठेवली. खाली टॉर्च लावला आणि ते कुरतडलेलं पान काचेतून उजळून निघालं. माझ्याने पेन्सिल टेकवली गेली नाही. मला त्या पहिल्या मूर्खाचा शोध घ्यायचा होता, ज्याने हे पान सुरू केलं.

मैत्रिणीच्या बिल्डिंगमधल्या ताईने एक नंबर दिला, त्या नंबरने दुसरा. चार फोन झाले आणि पाचवा लागला ठाण्यात माजिवड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या एका ताईला. मी तिथे गेले. ती दिवसभर सूक्ष्मदर्शकात रक्ताच्या स्लाइडी बघायची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसली आणि मी 'नॉच' म्हटल्यावर तिचा घास हातातच राहिला.

"अगं, खाच कसली? किडा होता त्याच्यावर! हिरवी अळी. आमच्यासमोर खात होती."

तिच्या वेळी वर्गात फक्त अठरा मुलं होती. मॅडम तेव्हा नुकत्याच लागल्या होत्या. फांदी त्यांनी स्वतःच्या घरच्या कुंडीतून आणलेली. दोन तास सगळ्यांनी बसून काढली, आणि हिने अळीने खाल्लेलं पान जसंच्या तसं काढलं. मॅडम तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शाब्बास. तू खरंच बघितलंस." 'नॉच' तिने लिहिलंच नव्हतं. ते पुढे कुणीतरी गिरवताना स्वतःच्या मनाने घातलं. तिची जर्नल एका ज्युनियरने नेली ती परत आलीच नाही.

म्हणजे मी ज्या मूर्खाला शोधत होते, ती अख्ख्या साखळीतली एकमेव बघणारी निघाली. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. कुणाच्या बाजूने रडत होते ते सांगता येणार नाही.

परीक्षेच्या तीन दिवस आधी मी मॅडमना हे सगळं सांगितलं. फांदी तुमच्या घरची होती, असंही सांगितलं.

"आठवतं मला," त्या म्हणाल्या. "तेव्हा अठरा मुलं होती. आता एकशे वीस आहेत, आणि मी अजून एकच आहे. मी तुझी अशी जर्नल चालवून घेतली, तर उद्या प्रत्येक जण काहीही काढून आणेल आणि 'मला असंच दिसलं' म्हणेल." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुझं नुकसान नको. एक अर्ज लिहून दे, जर्नल हरवली म्हणून. नियमात तशी सोय आहे. मी सही देते, जर्नलचे मार्क जातील, पण परीक्षेला बसशील."

त्यांना माझी दया आली होती, हे मला कळत होतं. त्यामुळेच जास्त लागलं. खोटी जर्नल चालत होती, हरवलेली जर्नल चालत होती, फक्त खरी चालत नव्हती.

"मॅडम, ही काय माझ्या हातात आहे. हरवली असं मी नाही लिहिणार."

"विचार कर."

"केला."

परीक्षेच्या दिवशी मी लॅबच्या दारात गेले. सही नसलेली जर्नल दाखवली. दारावरच्या सरांनी नकारार्थी मान हलवली. आत मैत्रीण माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. मी बाहेर बाकावर पूर्ण वेळ बसून राहिले. घरी जायची हिंमत नव्हती, हेही खरं आहे.

पप्पांना निकालाच्या दिवशी कळलं. "आपल्या घराण्यात आजवर कुणाला केटी लागलेली नाही," ते म्हणाले. आमच्या घराण्यात आजवर कुणी बीएस्सीपर्यंत पोचलंही नव्हतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. "एक वही गिरवायची होती. एक वही! तेवढ्यासाठी एवढा माज?" त्यानंतर दीड महिना ते माझ्याशी कामापुरतं बोलले. आईने त्यांची बाजू घेतली नाही आणि माझीही घेतली नाही. फक्त एकदा मला जेवायला वाढताना म्हणाली, "मी काही बोललेच नसते तर बरं झालं असतं का गं?" मी नाही म्हटलं. तेवढंच.

एप्रिलमध्ये केटीची परीक्षा आली. आम्ही फक्त पाच जण होतो. मी तीच जर्नल घेऊन स्टाफरूममध्ये गेले. एकही आकृती बदललेली नव्हती, उलट चार वाढल्या होत्या. मॅडम पेपर तपासत होत्या. त्यांनी वर बघितलं, मला ओळखलं, पहिलं पान उघडलं, प्रमाणपत्रावर सही केली, शिक्का मारला आणि जर्नल माझ्याकडे सरकवली. दहा सेकंद लागले असतील.

मला आनंद व्हायला हवा होता. माझे कान तापले.

"मॅडम, आत बघितलं नाहीत."

"सही झाली ना तुझी?"

"ऑक्टोबरमध्ये तुम्ही निदान बघून नाकारलीत. आता न बघता दिलीत. मला सही हवीच आहे, पण आधी बघा."

शेजारच्या टेबलावरच्या सरांचं पेन थांबलं. मॅडमनी समोरचा पेपरांचा गठ्ठा बाजूला केला, चष्मा पुसला आणि जर्नल पुन्हा ओढून घेतली. या वेळी एकेक पान. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. मी उभीच होते. एका पानावर त्या थांबल्या.

"हा टाकळा कुठला?"

"ठाकुर्लीचा. नव्वद फुटी रोडजवळच्या रिकाम्या प्लॉटवरचा. दसऱ्याच्या आधी काढलाय."

"पुंकेसर किती काढलेस?"

मी मोजले. "सात."

"दहा असतात. तीन वांझ, अगदी बारीक." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ते तू बघितलेच नाहीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बघितलं, बघितलं म्हणून सहा महिने सगळ्यांशी भांडलेली मी. आणि तीन पुंकेसर तिथे होते आणि मला दिसले नव्हते. ही चूक दुसऱ्या कुणाच्या जर्नलमध्ये नव्हती, ती माझी एकटीची होती.

मॅडमनी स्वतःची पेन्सिल पुढे केली. "खोडायचीही गरज नाही. तीन काढ, झालं."

मी पेन्सिल घेतली. त्या बरोबरच असणार होत्या, यात मला शंका नव्हती. तीन बारीक रेघांचा प्रश्न होता.

"आत्ता नाही काढणार, मॅडम."

"म्हणजे? मी खोटं सांगतेय?"

"नाही, खरंच असणार. पण मी बघितलेले नाहीत. आता टाकळा वाळून गेलाय. पावसाळा संपता संपता फुलेल, तेव्हा बघेन. दिसले तर काढेन."

आता या सही खोडणार, असंच मला वाटलं. शेजारचे सर उघडपणे ऐकत होते. मॅडमनी माझ्या हातातून पेन्सिल परत घेतली, माझ्या सात पुंकेसरांशेजारी बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या, "भिंग घेऊन जा. नुसत्या डोळ्यांनी पुन्हा चुकशील." मग त्यांनी पुढचं पान उलटलं, आणि त्याच्या पुढचं, शेवटपर्यंत.

त्या परीक्षेत मी पास झाले. जर्नलला दहापैकी सहा मिळाले. पप्पांनी मार्कशीट बघून "आधी नऊ होते ना?" असं विचारलं आणि मी हो म्हटलं.

गणपतीचं विसर्जन झाल्यावर एका सकाळी मी त्या प्लॉटवर गेले. आत टॉवरचं काम सुरू झालं होतं, चहूबाजूंनी पत्रे लागले होते, पण टाकळा पत्र्यांच्या बाहेर गटारापर्यंत माजला होता. मी एक फूल खुडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. सात मोठे. आणि वरच्या पाकळीच्या बुडाशी, लपल्यासारखे, तीन.

जर्नल पिशवीत होतीच. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले आणि ते तीन काढले.